आकाशातील दिवे आणि गावातील पहारा

२०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर बीड, जालना आणि छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांतील खेड्यांवर रात्री ‘ड्रोन’ घिरट्या घालीत असल्याची आवई उठली. चोरटे घरांची टेहळणी करीत आहेत असा समज पसरला, तरुण लाठ्या घेऊन गस्त घालू लागले आणि प्रकरण विधिमंडळापर्यंत गेले. अजिंठ्याचा डोंगर अफवेला अडवीत नाही. रात्रीच्या पाळीची वीज मिळते म्हणून अपरात्री केळीच्या बागेत उभा राहणारा आपला शेतकरीही आकाशातील हलत्या दिव्याकडे संशयाने पाहू लागला, तर नवल नाही.

त्या दिव्यांतील एखादा खरोखरीच ड्रोनचा असेलही. लग्नमंडपापासून औषधफवारणीपर्यंत हे यंत्र आता सर्वत्र पोहोचले आहे. परंतु बाजारात मिळणारे साधे ड्रोन एका दमात सुमारे अर्धा तास उडते, आणि माथ्यावर आले की मधमाश्यांच्या मोहोळासारखे गुणगुणते. तासन्‌तास, निःशब्द, एकामागून एक जाणारे दिवे हा त्याचा स्वभाव नव्हे. तो प्रवासी विमानाचा आहे.

नकाशावर पट्टी ठेवून पाहावे. मुंबई ते इंदूर ही सरळ रेषा साक्री तालुक्यावरून जाते, तर मुंबई ते भोपाळ ही अमळनेरच्या आसपासून. हवाई मार्ग पट्टीने आखलेले नसतात हे खरे. तरीही मुंबईहून ईशान्येकडे जाणाऱ्या विमानांना खानदेशचे आकाश टाळणे कठीणच. विमानाच्या डाव्या पंखाला तांबडा दिवा असतो, उजव्याला हिरवा, शेपटीला पांढरा. शिवाय लुकलुकणारे निराळेच. १० किलोमीटर उंचीवरचे विमान क्षितिजालगत दिसते तेव्हा ते ५०-६० किलोमीटर दूर असते. आवाज पोहोचत नाही. ते समोरून येत असेल तर दिवा एकाच जागी थबकल्यासारखा वाटतो, आणि विमान वळले की तोच दिवा ‘पळाला’ असे आपण म्हणतो. अंधारात एकट्या स्थिर दिव्याकडे टक लावून पाहिले, तर तोही हलल्याचा भास होतो. शुक्राची चांदणीसुद्धा या भ्रमातून सुटत नाही.

हा भोळेपणा खेडुतांचाच, असे शहरी वाचकाने मानू नये. २०२४ च्या अखेरीस अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात असाच गहजब झाला. तपास यंत्रणेकडे ५,००० हून अधिक खबरा आल्या. पुढील चौकशीस योग्य ठरल्या जेमतेम शंभर. उरलेल्यांत परवानगीने उडणारी ड्रोन होती, विमाने होती, हेलिकॉप्टरे होती आणि चक्क ताऱ्यांचीही भर होती!

तेथे कोणी जमावाच्या हाती मेले नाही. आपल्याकडे ती हमी देता येत नाही. उत्तर प्रदेशात २०२५ साली ड्रोनवाल्या चोरांची अफवा महिनोन्‌महिने फिरली आणि ऑक्टोबरात रायबरेली जिल्ह्यात एका दलित इसमाला चोर समजून लोकांनी ठार मारले. धुळे जिल्ह्याला तर हा धडा परक्याकडून घेण्याचे कारणच नाही. १ जुलै २०१८, रविवार, राईनपाड्याचा आठवडे बाजार. मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळविणारे समजून जमावाने ठेचून मारले. तेव्हा आकाशात काहीच नव्हते. भ्रमणध्वनीवर आलेला मजकूर पुरेसा ठरला.

खोटे नाणे खऱ्याला चलनातून हुसकावते, हा नियम मी वर्गात दरवर्षी शिकवितो. बातमीच्या बाजारातही तो चालतो, कारण खुलासा सावकाश येतो आणि तोवर अफवा दहा हातांतून फिरलेली असते. मग खऱ्याची आवक वाढविणे हाच उपाय. डोक्यावरचे विमान कोणते, कोठून कोठे चालले आहे, हे दाखविणारी सोय आता भ्रमणध्वनीवर सहज मिळते. विज्ञानाच्या शिक्षकाने एका संध्याकाळी पालकांना शाळेच्या गच्चीवर बोलवावे व ती उघडून दाखवावी. तहसील कचेरीने गावात मोजणीचे वा फवारणीचे ड्रोन येणार असल्यास आदल्या दिवशी दवंडी द्यावी. आणि पोलीस पाटलाने रात्री गस्त घालायची झालीच, तर ती आधी पालावर उतरलेल्या भिक्षेकऱ्यांच्या बाजूने घालावी.