पाणी नेलं, आता गाळ पाठवू नका!



पुणं कुणाचं पाणी पितं? पानशेत, वरसगाव, टेमघरचं. डोंगरखोऱ्यातली गावं उठली, जमिनी बुडाल्या, तेव्हा शहराचे नळ वाहिले. तेच पाणी मैला आणि कारखान्यांची रसायनं घेऊन मुळा-मुठेत उतरतं, पुढं भीमेतून उजनीला जातं. त्यातलं जड ते पुण्यातच तळाशी बसतं. हाच तो काळा गाळ.

आता शहराला ४४ किलोमीटरचा नदीकाठ सजवायचाय. पात्र खोदलं की गाळ निघणार. तो टाकणार कुठं?

उद्या कुणी म्हणेल, "खत आहे, फुकट घ्या." फसू नका! २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' चाललंय. पण धरणाचा गाळ म्हणजे डोंगराची माती. शहराखालचा गाळ म्हणजे गटारांचा आणि कारखान्यांचा साका.

पाण्याखाली आहे तोवर त्यातलं विष बरंचसं दबून असतं. उपसला की हवा लागते. सडक्या अंड्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड वायू. फार झाला तर जीव घेतो. वास न येणारी रसायनंही उडून जातात. उन्हात गाळाची भुकटी होते, धुळीबरोबर शिसं-कॅडमियमसारखे धातू घरात, भाकरीवर, पोरांच्या छातीत. वाळला म्हणजे संपलं असंही न्हाई. पावसाची ओल लागली की अडकलेली रसायनं पुन्हा हवेत सुटतात. वारा काय सातबारा बघून वाहत नाही!

हा नुसता आमचा संशय नाही. अमेरिकेत हडसन नदीतला पीसीबी नावाच्या विषाचा गाळ २००९ पासून उपसला, तेव्हा काठावरच्या हवेत ते विष किती, हे रोज मोजत होते. इथं कोण मोजणार? पुण्याच्या कचऱ्यानं काय होतं, ते उरुळी देवाची-फुरसुंगीच्या लोकांना विचारा.

आमचं म्हणणं सरळ आहे :

१. खोदण्याआधी गाळ तपासा, आकडे मराठीत जाहीर करा.

२. उपसताना, नेताना, टाकताना हवा मोजा. गाळ उघडा ठेवू नका.

३. ज्याचा गाळ त्यानं सांभाळावा. आमच्या रानात नको, दुसऱ्या गावाच्या गळ्यातही नको.

वन हक्क कायदा २००६, कलम ५ : जंगल, पाणी, वस्ती राखायचा अधिकार ग्रामसभेचा आहे. डंपर पाड्यावर यायची वाट बघू नका. येत्या ग्रामसभेत ठराव करा, सह्या-अंगठे घ्या, पोच घेऊन तहसीलला द्या.

जंगल आमचं, हवाही आमची!