पुन्हा तोच केक? हो, पुन्हा तोच!

इन्स्टा उघडा. दोन-चार रील्स सरकवल्या की कुणीतरी पांढऱ्याशुभ्र ओट्यावर बटर आणि साखर फेटताना दिसतंच. खाली कॅप्शन असते, ‘वीक १७’. त्याच्या आदल्या आठवड्यात सिनॅमन रोल्स होते, त्याआधी बास्क चीजकेक, आणि पुढच्या आठवड्यात म्हणे क्रोसाँ! ‘५२ आठवडे, ५२ बेक्स’ हे चॅलेंज आता कॉलेजच्या ग्रुप्सवरही पोहोचलंय. दर रविवारी घरी काहीतरी बेक करायचं, फोटो टाकायचा, पुढच्या रविवारी नवीन काहीतरी. पदार्थ रिपीट झाला की आऊट!

मला हे साप्ताहिक बेकिंग प्रकरण मनापासून आवडतं. भांडण आहे ते फक्त त्या शेवटच्या नियमाशी. माझं म्हणणं सरळ आहे : चॅलेंज जरूर घ्या, दर आठवड्याला घ्या, पण किमान दोन महिने एकच केक करा. तोच. पुन्हा पुन्हा.

दर आठवड्याला नवा पदार्थ ही कल्पना आली कुठून? बरीचशी टीव्हीवरून. २०१० मध्ये बीबीसीवर ‘द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ सुरू झालं आणि हौशी बेकर्सचं हे तंबूतलं जग सगळीकडे पोहोचलं. दर आठवड्याला नवी थीम, तीन फेऱ्या, शेवटी एक जण घरी. प्रेक्षकांना रोज तोच केक दाखवला तर ते चॅनल बदलतील, त्यामुळे तिथे नावीन्य हवंच. पण गंमत बघा. तीनपैकी दोन फेऱ्यांत काय करायचंय हे स्पर्धकांना आधीच ठाऊक असतं आणि ते घरी त्याच पदार्थाचा सराव करून येतात. आयत्या वेळी कळते ती फक्त ‘टेक्निकल’ फेरी. म्हणजे आपण पाहतो ते नावीन्य, आणि त्यामागे घरच्या ओट्यावर असतो तोच तो पदार्थ. आपण त्यातलं पडद्यावर दिसणारं तेवढं उचललं.

आता आपल्या स्वयंपाकघरात या. म्हणजे चौघांत भाड्याने घेतलेल्या फ्लॅटमधल्या, दोन शेगड्यांच्या. चीजकेकसाठी आणलेलं अर्धं क्रीम चीज उरतं, ब्रेडसाठी आणलेलं यीस्ट एकदा उघडलं की तसंच पडून राहतं, व्हिपिंग क्रीम फ्रीजमध्ये जागा अडवतं. प्रत्येक नव्या पदार्थाला नवा साचा आणि नवी सामग्री. पॉकेटमनीवर चालणाऱ्या माणसाला हे चॅलेंज चौथ्या-पाचव्या आठवड्यात झेपेनासं होतं. मग तो म्हणतो, ‘मला बेकिंग जमत नाही.’ अरे, तुला बेकिंग जमतं की नाही हे अजून कुणालाच कळलेलं नाही! तू प्रत्येक पदार्थ आयुष्यात एकदाच केलायस.

बेकिंग एकदा करून कळत नाही, कारण रेसिपी हे अर्धंच सत्य असतं. ‘बटर रूम टेम्परेचरला आणा’ असं लिहिणाऱ्याची रूम साधारण २० अंशांवर असते. आपल्याकडे मे महिन्यात पुण्यात पारा ४० ला टेकतो, तेव्हा रूम टेम्परेचरचं बटर म्हणजे जवळजवळ सारच. साखरेचे कण मऊ बटरमध्ये घासले जातात तेव्हा त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात. पुढे बेकिंग पावडर हेच बुडबुडे फुगवते. बटर वितळलं असेल तर हवा टिकत नाही आणि केक चपटा बसतो. रेसिपी बरोबर असते, फक्त ती आपल्या गावच्या उन्हाळ्यासाठी लिहिलेली नसते.

तीच गोष्ट मापाची. अमेरिकन कप साधारण २४० मिलिलीटरचा. आपल्या घरातली वाटी कुणाच्या लग्नात मिळालेली आहे त्यावर तिचं माप ठरतं. त्यात कपभर मैदा हलका भरला तर १२० ग्रॅमच्या आसपास आणि दाबून भरला तर १५० च्या घरात जातो. म्हणून ओव्हनच्या आधी घ्यायची वस्तू कुठली, तर छोटा डिजिटल वजनकाटा. ‘पाउंड केक’ हे नाव आलंच मुळी वजनावरून. मैदा, बटर, साखर, अंडी, प्रत्येकी एक पाउंड. फ्रेंच लोक त्याला ‘चार चतुर्थांश’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. एवढा सोपा हिशोब असूनही दोन माणसांचे पाउंड केक सारखे होत नाहीत, कारण बाकीचं सगळं हातात असतं. आणि हात तयार होतो तो पुन्हा पुन्हा केल्यानेच.

हे आपल्याला कुणी परदेशातून येऊन सांगायची गरज नाही. घरात नानकटाई करताना आजी काय करायची, आठवा. पिठात तूप चोळून मूठ वळायची. मूठ टिकली तर मोहन बरोबर, भुगा झाला तर आणखी थोडं तूप. हे शुद्ध विज्ञान आहे. तूप पिठाच्या कणांवर चढतं, पाण्याशी त्यांची गाठ पडू देत नाही, त्यामुळे ग्लुटेनची चिवट जाळी तयार होत नाही आणि नानकटाई तोंडात विरघळते. आजीने ग्लुटेन हा शब्द ऐकला नसेल, पण मुठीला ते माहीत होतं. घरी ओव्हन नसायचा, म्हणून दिवाळीआधी सगळं सामान नाहीतर वळलेल्या नानकटाया घेऊन बायका कोपऱ्यावरच्या बेकरीत जायच्या आणि ट्रे भाजून आणायच्या. वर्षानुवर्षं तीच नानकटाई, तीच चकलीची भाजणी. कुणी त्याला चॅलेंज म्हटलं नाही, आणि ‘या वर्षी पण चकलीच का?’ असंही कुणी विचारलं नाही. उलट ‘या वर्षी गेल्या वर्षीपेक्षा खुसखुशीत झालीय’ ही सगळ्यात मोठी दाद असायची. अशी दाद द्यायला गेल्या वर्षीची चव आठवावी लागते. एकदाच केलेल्या पदार्थाची तुलना कशाशी करणार?

गेले आठ रविवार मी रवा केक करतेय. फक्त रवा केक. ओव्हन नाही. जाड बुडाची जुनी कढई, तळाला मिठाचा थर, त्यावर स्टँड, वर घट्ट झाकण. कुकरमध्येही होतो, शिट्टी आणि रिंग काढून ठेवायची. पण कोरडा तापवून तापवून कुकरची वाट लागते, त्यामुळे कढईच बरी. २०० ग्रॅम बारीक रवा, १५० ग्रॅम साखर, २०० ग्रॅम दही, ८० मिलि तेल, लागेल तसं दूध. हे सगळं कालवून अर्धा तास ठेवायचं, रवा फुलला पाहिजे. शेवटी एक छोटा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा सोडा. मंद आचेवर साधारण ४० मिनिटं.

आठ आठवड्यांत मी दर वेळी एकच गोष्ट बदलली. एका रविवारी तेलाऐवजी तूप. एका रविवारी ताज्या दह्याऐवजी आंबट दही. एका रविवारी सोडा घातल्यावर मिश्रण मुद्दाम दहा मिनिटं ठेवून दिलं. तो केक बसका झाला, आणि कारण समोर होतं : दह्यातलं आम्ल आणि सोडा भेटले की गॅस लगेच सुटतो, तो कुणासाठी थांबत नाही. बेकिंग पावडरचं तसं नाही. तिच्यात सोडा आणि कोरडं आम्ल दोन्ही असतं, आणि हल्ली मिळणाऱ्या बहुतेक पावडरींचा काही गॅस उष्णता लागल्यावर सुटतो. ही पावडर आली कशी, तेही वाचलं. १८४३ मध्ये बर्मिंगहॅमच्या अल्फ्रेड बर्ड नावाच्या केमिस्टने यीस्ट न वापरता ब्रेड फुगावा म्हणून ती तयार केली, कारण त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नव्हतं. अंडीही सोसत नव्हती, म्हणून त्याआधी त्याने बिनअंड्याची कस्टर्ड पावडर बनवली होती. आपल्या घरच्या फ्रूट कस्टर्डचं मूळ तिथे आहे! आठ वेगवेगळे पदार्थ केले असते तर यातलं काही शोधायची वेळच आली नसती. पुढच्या पदार्थाची यादी करण्यात आठवडा गेला असता.

आता आक्षेप. पहिला : ‘बोअर होतं.’ होतं ना. तिसऱ्या आठवड्यात नक्की होतं. पण आपल्या पिढीला बोअर होण्याचा सरावच राहिलेला नाही, हीच तर अडचण आहे. सगळं ‘पहिल्यांदा’ हवंय. पहिला ट्रेक, पहिली मॅरेथॉन, पहिली इंटर्नशिप. प्रोफाइलवर पहिल्या गोष्टी छान दिसतात. पाचव्यांदा केलेल्या गोष्टीला पोस्ट नसते. पण नोकरीत पैसे मिळणार आहेत ते पाचव्यांदा आणि पन्नासाव्यांदा केलेल्या कामाचे. न्यूजरूममध्ये इंटर्न म्हणून मी रोज हवामानाची चार ओळींची बातमी लिहिते. रोज तीच. आता कुठे कळायला लागलंय, त्या चार ओळींत आधी काय सांगायचं.

दुसरा आक्षेप : ‘मग आठवड्याचं बंधन तरी कशाला? मूड असेल तेव्हा करू.’ इथे मी चॅलेंजवाल्यांच्या बाजूने आहे. मूड सबमिशनच्या आठवड्यात कधीच नसतो. रोज केलं तर खाणारे पळून जातात आणि सिलेंडर महिनाभरही टिकत नाही. महिन्यातून एकदा केलं तर मागच्या वेळी काय बदललं होतं तेच आठवत नाही. आठवडा हे माप बरोबर आहे. चव जिभेवर असते आणि भूक परत आलेली असते.

तिसरी गोष्ट आक्षेप नाही, पण सगळ्यात जास्त ऐकू येते. केक जरा बरा झाला की लगेच, ‘अगं, ऑर्डर्स घ्यायला लाग!’ ज्यांना घ्यायच्या आहेत त्यांनी जरूर घ्याव्यात. घरून केक विकून शिक्षणाचा खर्च काढणारी मुलं-मुली आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदरच आहे. पण तो व्यवसाय आहे. त्याला एफएसएसएआयची नोंदणी लागते, वेळेत डिलिव्हरी लागते, ग्राहकाची बोलणी ऐकावी लागतात. आठवड्यातले दोन तास तरी कुणी काही विकत न घेता, कुणाला काही न विकता घालवता आले पाहिजेत. प्रत्येक आवडीचा धंदा करायचा, हा दबाव आपण एकमेकांवर आणतोय. तो कमी केला तर बरं.

आणि हो, ओट्याचं काय? रीलमध्ये पीठ सांडलेलं सुंदर दिसतं, रील संपते, मग ते पुसतं कोण? घरी असेल तर बहुतेक आई. फ्लॅटवर असेल तर ज्याला चहा करायला ओटा हवा असतो तो. रोज चाळीस पोळ्या लाटणाऱ्या आईचा फोटो आपण टाकत नाही, रविवारी एक केक करून ‘बेकर’ होतो, आणि भांडी तिच्यासाठी ठेवतो. आमच्या फ्लॅटवर यावर एक नियम आहे : ओटा पुसून, भांडी घासून झाल्याशिवाय केक कापायचा नाही. केक तसाही गरम कापला की चुरा होतो, त्याला थंड व्हायला अर्धा तास द्यावाच लागतो. तो अर्धा तास भांड्यांना पुरतो. गॅसचा हिशोबही बेक करणाऱ्याने वेगळा द्यायचा.

तुम्हाला करून बघायचं असेल तर माझं चॅलेंज असं आहे. एक केक निवडा, ज्याचं सगळं सामान कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतं. आठ रविवार ठरवा. दर वेळी एकच बदल. एक वही ठेवा आणि त्यात तारीख, वजनं, किती मिनिटं लागली, बाहेर ऊन होतं की पाऊस, एवढं लिहा. खाणारी माणसं शक्यतो तीच ठेवा, कारण त्यांनाच मागची चव आठवत असते. फोटो काढायचाच असेल तर आठव्या केकचा काढा. तोवर तुम्ही मित्राला रेसिपी पाठवताना ‘अंदाजाने घाल’ असं लिहिणार नाही, आणि त्याचा केक बसला तर का बसला हे फोनवर सांगू शकाल.

माझा नववा रवा केक येत्या रविवारी आहे. या वेळी साखरेऐवजी गूळ घालणार आहे. गुळात ओलावा असतो, म्हणून दूध थोडं कमी घ्यावं लागेल. किती कमी, ते सोमवारी वहीत लिहिलेलं असेल.