अम्मीला एक प्रश्न विचारा

रमजान संपला की आपल्या घरांत एक हिशेब सुरू होतो. पाळीमुळे किती रोजे सुटले, कजा कधी पूर्ण करायचे, हे बायका बोटांवर मोजतात. पण कधीकधी पाळी जाऊन दोन-चार वर्षे झालेल्या अम्मीच्या कपड्याला अचानक डाग दिसतो. तिला पहिला प्रश्न पडतो तो नमाज होईल का, हा. तो मोहल्ल्यातल्या आपांना विचारला जातो. हे रक्त आले कशामुळे, हा दुसरा प्रश्न मात्र डॉक्टरपर्यंत पोहोचत नाही. ‘गर्मी झाली असेल’ म्हणून विषय संपतो.

तो तिथे संपू नये, यासाठी हे संपादकीय.

पाळी थांबून वर्ष उलटल्यावर अंगावरून रक्त जाणे हे गर्भाशयाच्या कर्करोगाचे सर्वांत ठळक लक्षण आहे. मग ते थेंबभर असो, तपकिरी डाग असो की एकदाच आलेले असो. असे रक्त जाणाऱ्या १० पैकी सुमारे ९ जणींना कर्करोग नसतो, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण ज्यांना हा आजार असतो, त्यांतल्या बहुतेकींना आधी हेच लक्षण दिसते. आजार पिशवीपुरता असतानाच सापडला, तर बहुतेक जणी बऱ्या होतात. म्हणून तपासणी टाळू नये.

पाळी चालू असतानाही दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे किंवा पाळी नेहमीपेक्षा फार जास्त, फार लांबणे, हे डॉक्टरांना सांगायला हवे. लठ्ठपणा, मधुमेह, पीसीओएस, घरात कुणाला गर्भाशयाचा किंवा मोठ्या आतड्याचा कर्करोग, यांमुळे धोका वाढतो.

एक गैरसमज सुशिक्षित घरांतही आढळतो. ‘पॅप टेस्ट नॉर्मल आली’ म्हणजे सगळे ठीक, असे नाही. ती तपासणी गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगासाठी असते. आतल्या अस्तराचा आजार ओळखायला सोनोग्राफी आणि गरज पडल्यास अस्तराचा तुकडा काढून तपासणी, म्हणजे बायोप्सी, करावी लागते.

‘डॉक्टर पिशवीच काढून टाकतील’ ही भीती निराधार नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचे २०१९ मध्ये राज्यभर गाजले. म्हणूनच ऑपरेशनला होकार देण्याआधी बायोप्सी झाली का, तिचा रिपोर्ट काय, हे विचारावे. शंका असेल तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे. पण भीतीपोटी घरी बसू नये.

आणि लाज? हजरत फातिमा बिन्ते अबी हुबैश यांनी आपल्या न थांबणाऱ्या रक्तस्रावाबद्दल थेट पैगंबरांना विचारले होते. त्यांना कुणी गप्प केले नाही, उत्तर मिळाले. हे रक्त पाळीचे नव्हे, इस्तिहाजाचे, हा भेद आपल्या बायकांना आजही माहीत असतो. इस्तिहाजाला कारण असते आणि ते शोधणे डॉक्टरचे काम आहे, एवढीच भर त्यात घालायची आहे.

खर्चाची चिंता असेल तर सरकारी रुग्णालयापासून सुरुवात करा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा आणि योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. वस्तीतल्या आशाताईही वाट दाखवतील.

आपल्यापैकी अनेकांच्या घरात अर्ज भरण्यापासून रिपोर्ट वाचण्यापर्यंतची कामे तरुणच करतात. हेही काम आपलेच आहे. मुलींनी अम्मीला, खालाला, फुफीला एकदा स्पष्ट विचारावे, ‘पाळी गेल्यावर कधी रक्त गेलं का?’ मुलग्यांना हे विचारणे अवघड वाटेल. त्यांनी निदान एवढे म्हणावे, ‘दवाखान्यात जायचं असेल तर मी सोबत येतो, कशासाठी ते सांगू नकोस.’ या आठवड्यात एवढे करा.