एगेरचे दोन वेढे

हंगेरीच्या उत्तरेला एगेर नावाचं जुनं गाव आहे. बुडापेस्टहून रेल्वेने दोनेक तास. बारोक धाटणीच्या इमारती, मोठं बॅसिलिका, टेकडीवर किल्ला आणि गावाबाहेर वाइनची तळघरं. एका दिवसात निवांत बघून होतं. पण या गावाला आपला इतिहास ज्या पद्धतीने सांगायचा आहे, त्याबद्दल माझी थोडी तक्रार आहे.

एगेरचा इतिहास म्हणजे १५५२. त्या वर्षी ऑटोमन सैन्याने किल्ल्याला वेढा घातला. आत इश्तवान डोबो आणि बायकामुलं धरून दोनेक हजार माणसं, बाहेर आजच्या इतिहासकारांच्या अंदाजाने पस्तीस-चाळीस हजार. पाच आठवड्यांहून जास्त झुंजूनही किल्ला पडला नाही, तुर्क परत गेले. तटावरून लढलेल्या बायकांचं बेर्तालान सेकेलीने काढलेलं चित्र हंगेरीत सगळ्यांच्या ओळखीचं आहे. गेझा गार्दोन्यीने या वेढ्यावर लिहिलेली कादंबरी तिथली मुलं शाळेत वाचतात. हा लेखक एगेरमध्येच राहायचा आणि आता किल्ल्यातच पुरलेला आहे. चौकात डोबोचा पुतळा. वाइनचं नावसुद्धा 'बैलाचं रक्त'! किल्ल्यातले लोक बैलाचं रक्त पिऊन लढतात असं तुर्कांना वाटलं, अशी दंतकथा आहे. नाव मात्र एकोणिसाव्या शतकातलं. असो, वाइन चांगली असते.

हे सगळं खरंच अभिमानाचं आहे. पण पुढे काय झालं? १५९६ मध्ये सुलतान तिसरा मेहमेद स्वतः चालून आला. या वेळी आत बरेचसे परदेशी भाडोत्री शिपाई होते. तीनेक आठवड्यांत त्यांनी किल्ला सोडला. सुखरूप जाऊ देऊ असं वचन मिळूनही बाहेर पडल्यावर त्यांतले बहुतेक कापले गेले. त्यांचा पुतळा कुठे असणार? हरलेल्यांचा, त्यात परक्यांचा!

त्यानंतर १६८७ पर्यंत, म्हणजे एक्याण्णव वर्षं, एगेर तुर्कांकडे होतं. तीन पिढ्या. इतक्या काळात लोक जन्मले, लग्नं झाली, बाजार भरले. आणि गाव परत घेतलं तेही हल्ला करून नव्हे, तर रसद तोडून, उपाशी ठेवून. काही मुसलमान कुटुंबं बाप्तिस्मा घेऊन तिथेच राहिली. त्यांचे वंशज आज एगेरमध्ये असतीलच, आणि डोबोच्या पुतळ्याखाली फोटोही काढून घेत असतील. मला या कुटुंबांची गोष्ट वाचायला आवडली असती. पण पराक्रमाची गोष्ट सांगायला सोपी असते, आणि माणसं नुसती राहिली, जगली, याची कादंबरी कोण लिहिणार?

किल्ल्याचं म्हणाल तर तुर्कांना जमलं नाही ते हाब्सबर्गांनी केलं. १७०२ मध्ये त्यांनी स्वतःच त्याचा बाहेरचा भाग सुरुंग लावून उडवला. उद्या बंडखोरांच्या हाती लागला तर काय, ही भीती. खुद्द डोबोलाही त्याच घराण्याच्या राजाने पुढे राजद्रोहाच्या आरोपावरून तुरुंगात टाकलं होतं. १५७२ मध्ये सुटला आणि लवकरच गेला. हा भाग पुतळ्यापाशी उभं राहून आठवला की तो हात उगारलेला वीर जरा वेगळा दिसतो.

म्हणून एगेरला गेलात तर किल्ला बघाच, पण मिनारसाठीही वेळ काढा. शेजारची मशीद १८४१ मध्ये पाडली गेली, हा चाळीस मीटरचा दगडी मिनार तेवढा उरला. बैलांना जुंपून तो ओढून पाडायचा प्रयत्न झाला, पण तो हलला नाही, असं गावातले लोक सांगतात. खरं-खोटं देव जाणे. आत गोल जिना आहे, इतका अरुंद की समोरून कुणी आलं तर एकाला मागे फिरावं लागतं. आणि वर गेल्यावर ज्या किल्ल्यासाठी दोन्ही वेढे झाले, तो अगदी समोर दिसतो. खाली तुर्कांच्या काळातलं हमामही आहे. त्याच्या गरम पाण्यात गावातली म्हातारी माणसं आजही तास-तास डुंबत बसतात.