विश्लेषण : वाळवंटात सापडलेला दगड चंद्राचाच, हे कसे ठरते?

ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेतील एका लिलावात साडेपाच किलोचा दगड ६ लाख १२ हजार ५०० डॉलरना विकला गेला. एकमेकांना जुळणारे त्याचे सहा तुकडे आदल्या वर्षी मॉरिटानियाच्या वाळवंटात सापडले होते. घेणारे होते व्हिएतनाममधील एका पॅगोडाचे प्रतिनिधी. एवढी किंमत आली, कारण दगड चंद्रावरचा होता. पण तो कोणत्याही यानाने आणलेला नव्हता. मग तो चंद्राचाच, हे कसे ठरले?

चंद्राचा दगड पृथ्वीवर येतो कसा?

लघुग्रहाचा तुकडा चंद्रावर आदळला की तिथले दगड उडतात. सेकंदाला सुमारे २.४ किलोमीटर वेग मिळालेला दगड चंद्राच्या ओढीतून सुटतो. त्यांपैकी काही पुढे अशनी म्हणून पृथ्वीवर पडतात. असा पहिला ओळखला गेलेला दगड १९८२ मध्ये अंटार्क्टिकात मिळाला. वजन जेमतेम ३१ ग्रॅम. सहारातील पहिला चांद्र-अशनी १९९७ मध्ये लिबियात सापडला. अशनी सगळीकडेच पडतात. पण कोरड्या हवेत ते हळू झिजतात आणि मोकळ्या जमिनीवर नजरेस पडतात, म्हणून वाळवंट.

चुंबक का पुरत नाही?

बहुतेक अशनींत लोह-निकेल धातू असतो, त्यामुळे चुंबक त्यांना चिकटतो. चंद्राच्या दगडात हा धातू फारच कमी. दिसायलाही तो अनेकदा काँक्रीटच्या तुकड्यासारखा: करड्या भागात पांढऱ्या खड्या. खरी ओळख प्रयोगशाळेतच पटते.

दगडाचा पातळ काप काढून त्यातील ऑलिव्हिन आणि पायरॉक्सीन या खनिजांमधले लोह आणि मँगनीज यांचे प्रमाण मोजतात. चंद्राच्या दगडांत ते मंगळाच्या किंवा पृथ्वीच्या दगडांपेक्षा जास्त असते. ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून मंगळ आणि बहुतेक लघुग्रह बाद होतात. मात्र या बाबतीत चंद्र आणि पृथ्वी जवळजवळ सारखेच.

हा दगड पृथ्वीचाच नाही, हे मग कसे कळते? सह्याद्रीचा काळा पाषाण बेसाल्ट आहे आणि चंद्रावरचे काळे डागही बेसाल्टचेच. पण सह्याद्रीच्या बेसाल्टमधील पोकळ्यांत झिओलाइटसारखी पाणी धरणारी खनिजे भरलेली असतात. चांद्र-अशनीत अशी खनिजे मुळातली नसतात. शिवाय अंतराळातील वैश्विक किरणांनी तयार झालेली समस्थानिके त्यात सापडतात.

वर्गीकरण कसे होते?

ढोबळमानाने तीन गट आहेत: उंच, उजळ प्रदेशातील फेल्डस्पारयुक्त दगड, काळ्या मैदानांतील बेसाल्ट आणि दोन्हींचे मिश्रण. चंद्रयान-३च्या प्रज्ञान रोव्हरने दक्षिणेकडील मातीत जी रचना मोजली, ती पहिल्या गटाशी नाते सांगते. मेटिऑरिटिकल सोसायटीची समिती अशनीला अधिकृत नाव देते. त्यासाठी २० ग्रॅम किंवा एकूण वजनाच्या २० टक्के, यांपैकी जे कमी असेल तेवढा नमुना मान्य संस्थेत ठेवावा लागतो.

मग अडचण कुठे?

अपोलोचे नमुने अमेरिकी सरकारच्या मालकीचे असल्याने ते बाजारात येत नाहीत. त्यामुळे संग्राहक अशनींकडे वळतात. सहारातील दगड अनेकदा भटक्या जमातींकडून व्यापाऱ्यांकडे आणि तिथून प्रयोगशाळेत पोहोचतो. नेमकी जागा माहीत नसली की त्याला ‘नॉर्थवेस्ट आफ्रिका’ आणि एक क्रमांक मिळतो. एकाच अशनीचे तुकडे वेगवेगळ्या क्रमांकांनी नोंदले गेले, तर चंद्राचे स्वतंत्र नमुने किती, हा हिशेबच चुकतो.

ओमानमधील अनुभव वेगळा आहे. २००२ मध्ये तिथे ओमानी-स्विस शोधमोहिमेत सापडलेल्या २०६ ग्रॅमच्या ‘सायह अल उहायमिर १६९’ची जागा नोंदलेली होती. त्याच्या रसायनावरून संशोधकांनी तो चंद्राच्या लालांद विवराच्या परिसरातून आला असावा, इथपर्यंत माग काढला.

हे महत्त्वाचे का?

अपोलोच्या सहा मोहिमांनी ३८२ किलो नमुने आणले, पण सगळे चंद्राच्या आपल्याला दिसणाऱ्या बाजूचे. पलीकडच्या बाजूची माती थेट आणली ती फक्त चीनच्या चांग-अ ६ यानाने, २०२४ मध्ये. अशनी मात्र चंद्रावर कुठूनही येऊ शकतात. बाजार नसता तर यांतले बरेच दगड कुणी उचललेही नसते, हे खरे. पण उचलण्याआधी फोनवर जागेची नोंद आणि एक फोटो घेतला, तर दगड विकला गेला तरी त्याची माहिती हरवणार नाही.