घोड्याचं कागदावरचं नाव आणि तबेल्यातलं नाव



२०२३ च्या सप्टेंबरमध्ये चीनमधल्या हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या चार घोडेस्वारांनी ड्रेसाज या प्रकारात सांघिक सुवर्णपदक जिंकलं. घोडेस्वारीत भारताला तब्बल ४१ वर्षांनी सोनं मिळालं होतं. स्वार होते सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, अनुष अगरवाला आणि आपल्या मुंबईचा हृदय छेडा. आणि घोडे होते चिन्स्की, अ‍ॅड्रेनॅलिन फिरफोड, एट्रो आणि केमएक्सप्रो एमराल्ड.

आता जरा स्क्रीनवरून नजर काढा आणि घोड्यांची नावं आठवून बघा. किती आठवली? बहुतेकांना एट्रो आणि चिन्स्की आठवतील. बाकीची दोन नावं वाईट आहेत असं मी म्हणत नाही, पण ती तोंडात बसत नाहीत. पदक चौघांना सारखंच मिळालं, लक्षात राहणं मात्र सारखं नाही.

धंद्याच्या चॅनेलवर घोडे कुठून आले, असं वाटत असेल. सांगतो. नवीन धंदा सुरू करणारे दहा जण भेटले की त्यातले सहा-सात जण मला एकच प्रश्न विचारतात: "सर, नाव जरा इंटरनॅशनल वाटेल असं सुचवा ना." पापड लाटायचे सोलापुरात आणि नाव पाहिजे इटलीचं. त्यावर माझं एक ठाम मत आहे आणि ते समजवायला घोड्यांइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. कारण मोठ्या घोड्याला नेहमी दोन नावं असतात. एक कागदावरचं, नोंदणीचं. दुसरं तबेल्यातलं, त्याला दाणा-पाणी करणारा ज्या नावानं हाक मारतो ते.

सगळ्यात भारी गोष्ट फार लॅपची. हा तांबडा घोडा १९२६ साली न्यूझीलंडमध्ये जन्मला. सिडनीतला ट्रेनर हॅरी टेलफर्ड याने त्याचा वंश कागदावर बघितला आणि डेव्हिड डेव्हिस नावाच्या व्यापाऱ्याला तो घ्यायला लावला. किंमत १६० गिनी, म्हणजे शर्यतीच्या घोड्याच्या मानानं स्वस्तच. घोडा बोटीनं सिडनीला आला आणि डेव्हिसनं डोक्याला हात लावला. लुकडा, बेढब, तोंडावर फोड आलेले. "याच्या ट्रेनिंगला मी एक पैसा देणार नाही," अशी त्याची भूमिका. मग दोघांत करार झाला. घोडा तीन वर्षांसाठी टेलफर्डकडे भाड्यानं, ट्रेनिंगचा खर्च टेलफर्डचा, आणि जिंकलेल्या पैशात दोन तृतीयांश वाटा त्याचा. (भांडवल नाही म्हणून रडणाऱ्यांनी हा करार पुन्हा एकदा वाचा. यावर वेगळा व्हिडिओ करता येईल.)

आता नाव. सकाळी घोड्यांचा सराव बघायला सिडनीतला एक मेडिकलचा विद्यार्थी यायचा, ऑब्री पिंग. वीज चमकणे या अर्थाचा 'फारलॅप' हा शब्द त्यानं सुचवला, असं सांगतात. दक्षिण चीनमधल्या झुआंग लोकांच्या भाषेत तो शब्द आहे, थाई भाषेतही आहे. टेलफर्डला नाव आवडलं, पण त्यानं त्यात दोन बदल केले. इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'एफ'च्या जागी 'पी-एच' घातलं, म्हणजे अक्षरं सात होतील. आणि शब्द मधून तोडून दोन केले, कारण मेलबर्न कप जिंकलेल्या बऱ्याच घोड्यांची नावं दोन शब्दांची होती. म्हणजे बघा, अंकशास्त्रवाल्याकडं जाऊन दुकानाच्या नावात एक जादा 'ए' घालणारे आपल्याकडेच आहेत असं नाही!

पण त्या सात अक्षरांनी काही झालं का? पहिल्या काही शर्यतींत फार लॅप मागेच राहिला. नाव तेच होतं, स्पेलिंगही तेच होतं. पुढं तो पळायला लागला आणि मग थांबलाच नाही. ५१ शर्यतींत ३७ विजय. १९३० चा मेलबर्न कप. मंदीचे दिवस होते, ऑस्ट्रेलियात हातांना काम नव्हतं, आणि लोकांनी या घोड्याला डोक्यावर घेतलं. त्यातल्या कितीजणांना झुआंग भाषा येत असेल? शब्दाचा अर्थ न कळताच ते नाव घराघरात गेलं. आज त्या देशात एखाद्याचं काळीज मोठं आहे म्हणायचं असेल तर फार लॅपएवढं म्हणतात. त्याचं ६.२ किलोचं हृदय कॅनबेराच्या संग्रहालयात ठेवलंय, कातडं मेलबर्नला आणि सांगाडा न्यूझीलंडच्या वेलिंग्टनला.

आणि तबेल्यात त्याला काय म्हणायचे? बॉबी.

हे नाव त्याला मोतद्दारानं दिलं, टॉमी वुडकॉकनं. हा माणूस दिवसरात्र घोड्याजवळ असायचा. १९३२ मध्ये मेक्सिकोतली मोठी शर्यत जिंकून फार लॅप कॅलिफोर्नियात होता आणि तिथंच एप्रिलमध्ये अचानक गेला, तेव्हाही वुडकॉक त्याच्याजवळच होता. वर्तमानपत्रांनीही त्याला टोपणनावं दिली होती, दहशत बसवणारी, भारदस्त. ती आज संग्रहालयाच्या पाट्यांवर आहेत. पण 'बॉबी' वाचलं की माणसाला तो घोडा दिसतो. म्हणून मला तो शब्द महत्त्वाचा वाटतो.

हा काही एकट्याचा किस्सा नाही. लंडन ऑलिंपिकमध्ये दोन आणि रिओमध्ये एक सुवर्ण जिंकणारा व्हॅलेग्रो हा डच जातीचा घोडा. तिथं नोंदणीत त्या त्या वर्षाचं अक्षर ठरलेलं असतं, आपल्याकडं नक्षत्रावरून आद्याक्षर काढतात तसं. २००२ चं अक्षर 'व्ही', म्हणून व्हॅलेग्रो. तबेल्यात मात्र तो ब्लूबेरी. ऑस्ट्रेलियाची ब्लॅक कॅव्हियार, २५ शर्यती पळाली आणि २५ जिंकली. नाव ऐकलं की पंचतारांकित हॉटेल आठवतं. घरात ती नेली. आपल्याकडे कागदावर 'चंद्रशेखर' आणि हाक 'बाळ्या', तोच प्रकार.

एक उलटं उदाहरण देतो, कारण ते मला फार आवडतं. मकायबी डिव्हा. २००३, २००४, २००५ असा सलग तीन वेळा मेलबर्न कप जिंकणारी ही एकमेव घोडी. नाव ऐकून वाटतं, फ्रेंच असेल, नाहीतर आफ्रिकेतलं. तिचा मालक टूना मासळीच्या धंद्यातला. त्यानं आपल्या ऑफिसात काम करणाऱ्या पाच बायकांच्या नावांची पहिली दोन-दोन इंग्रजी अक्षरं घेतली: मॉरीन, कायली, बेलिंडा, डायान, व्हेनेसा. झालं नाव तयार. परदेशी वाटतं ते खरं तर ऑफिसातलंच आहे. घोडी जिंकल्यावर त्या पाच जणींना काय वाटलं असेल, विचार करा. ब्रँडिंग एजन्सीला लाखभर रुपये देऊन यापेक्षा चांगलं काही मिळेल असं मला तरी वाटत नाही.

आता आपल्या मुंबईत या. काळा घोडा. इंग्लंडचा युवराज १८७५-७६ मध्ये भारतात आला होता, पुढं तो सातवा एडवर्ड झाला. त्याच्या भेटीची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी त्याचा अश्वारूढ पुतळा शहराला दिला, १८७९ साली. पुतळा राजाचा, मान राजाचा, पैसा राजासाठी खर्च केलेला. लोकांनी वर बघितलं आणि नाव ठेवलं काळा घोडा! बसलेल्या माणसाचं नाव घ्यायची कुणाला गरजच वाटली नाही. १९६५ मध्ये पुतळा तिथून हलवला, तो राणीच्या बागेत गेला. त्यानंतर ५२ वर्षं त्या चौकात घोडा नव्हता, तरी टॅक्सीवाल्याला 'काळा घोडा' म्हटलं की तो बरोबर तिथंच सोडायचा. १९९९ मध्ये कला महोत्सव सुरू झाला तेव्हा आयोजकांनी राजाचं नाव शोधलं नाही, लोकांच्या तोंडातलं नाव घेतलं. आणि २०१७ मध्ये त्या भागात नवीन घोडा बसवला, त्याच्या पाठीवर स्वारच नाही. मला तर ही मुंबईतली सगळ्यात मोठी मार्केटिंगची केस स्टडी वाटते, आणि ती शिकायला फी लागत नाही.

याच्या उलट वागणारी कंपनीही आहे. कोका-कोलाला सुरुवातीला लोकांनी 'कोक' म्हटलेलं अजिबात आवडायचं नाही. पूर्ण नाव घेऊन मागा, टोपणनावानं मागाल तर नकली माल गळ्यात पडेल, अशा जाहिराती कंपनी करत होती. गिऱ्हाइकांनी ऐकलं नाही. शेवटी १९४५ मध्ये कंपनीनं 'कोक' हे नाव स्वतःच्या नावावर नोंदवून घेतलं. जगातल्या सगळ्यात पैसेवाल्या कंपन्यांपैकी एक, तिलाही गिऱ्हाइकाच्या तोंडावर पट्टी लावता आली नाही.

आणि टोपणनाव अपमानाचं असेल तर? अमेरिकेत दोन जोडप्यांनी मिळून आठ हजार डॉलरला एक घोडी घेतली. बघणारा कुणीतरी म्हणाला, हिला विकत घेणारा गाढवच असला पाहिजे. त्यांनी आपल्या भागीदारीचं नावच त्या शिवीवरून ठेवलं आणि जॉकीच्या कपड्यांवर दात काढलेलं गाढव छापलं. त्या घोडीचं शिंगरू म्हणजे कॅलिफोर्निया क्रोम, २०१४ चा केंटकी डर्बी विजेता. सगळ्यांना हे जमेल असं नाही. तुमच्या मालाच्या दर्जावरून नाव पडलं असेल, 'पाणचट चहावाला' वगैरे, तर पाटी बदलून उपयोग नाही, आधी दूध वाढवा.

तर माझं म्हणणं असं आहे. सुरुवातीला नाव साधं ठेवा, उच्चारायला सोपं, आणि त्यावर महिनाभर घालवू नका. स्वतःच स्वतःला टोपणनाव देऊ नका, 'खवय्यांचा लाडका' वगैरे. लाडका कोण ते खवय्ये ठरवतील. पण ज्या दिवशी लोक स्वतःहून नाव देतील, त्या दिवशी झोपू नका. इथंच खरं नुकसान होतं.

समजा, उद्यम नोंदणीवर तुमचं नाव आहे 'श्री साई एंटरप्रायझेस', पाटीवर 'द स्पाइस व्हिला', आणि गिऱ्हाईक एकमेकांना सांगतं, "पिंपळाखालच्या मावशींकडे जा." पाच वर्षांची मेहनत कुठल्या नावावर जमा झाली? मावशींच्या. आणि ते नाव कुठंच तुमचं म्हणून लिहिलेलं नाही. उद्या समोरच्या गल्लीत कुणी 'पिंपळाखालची मावशी' अशी झगझगीत पाटी लावली आणि अर्ज टाकून मोकळा झाला, तर तुम्ही काय दाखवणार? कायदा आधीपासून नाव वापरणाऱ्याच्या बाजूनं आहे, १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात तशी तरतूद आहे. पण वापर सिद्ध करावा लागतो. बिलावर नाव नाही, पाटीवर नाही, पाकिटावर नाही, तर सिद्ध कशानं करणार? गिऱ्हाइकांच्या गप्पा पुराव्याला चालत नाहीत.

म्हणून आजच पाटीवर ते नाव आणा, मोठ्या अक्षरात. बिलबुकावर छापा, तारखेसकट फोटो काढून ठेवा. जीएसटी असेल तर पोर्टलवर जाऊन बघा, तिथं दोन रकाने आहेत: कायदेशीर नाव आणि व्यापारी नाव. घोड्यासारखंच! व्यापारी नाव दुरुस्त करता येतं. गूगल मॅपवरही पाटीवर असेल तेच नाव टाका, ते पाटी बघतात. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर बँकेत नोंदवलेलं नाव दिसतं, तेव्हा ते वेगळं असेल तर कोडशेजारी एका ओळीत लिहून ठेवा, म्हणजे नवीन गिऱ्हाईक पैसे पाठवताना बिचकणार नाही.

ट्रेडमार्कचा अर्ज ऑनलाइन भरता येतो. एकट्याचा धंदा किंवा लघुउद्योग असेल तर एका वर्गासाठी सरकारी फी ४,५०० रुपये, नोंदणी मिळाली की १० वर्षं. खानावळ, नाश्ता सेंटर असेल तर वर्ग ४३, मसाले-चहा पाकिटात विकत असाल तर वर्ग ३०. दोन्ही करत असाल तर फी दोनदा. 'गरम वडापाव' असलं नुसतं मालाचं वर्णन करणारं नाव मिळायला अवघड जातं, तेव्हा त्यावर पैसे घालण्याआधी विचार करा.

पुढच्या व्हिडिओत मी हा अर्ज स्क्रीनवर भरून दाखवणार आहे. तोपर्यंत एक काम करा. दुकानात उभं राहून, गिऱ्हाईक फोनवर दुसऱ्याला तुमचा पत्ता सांगत असेल तेव्हा कान देऊन ऐका, आणि तो जो शब्द वापरतो तो वहीत जसाच्या तसा लिहून आणा.