कोठाराच्या भिंती वाचल्या. पण आत राबले कोण?

फ्रान्समध्ये शिकत असलेल्या एका मैत्रिणीने गेल्या महिन्यात मला एका घराचे फोटो पाठवले. दोर्दोन्य भागातले जुने दगडी कोठार, आता सुट्टीसाठी आठवड्याच्या भाड्याने मिळणारे. पाच जणी वर्गणी काढून जाणार होत्या. तिने विचारले, "कसं वाटतं?" खोटे कशाला बोलू, मला ते घर फार आवडले. जाड भिंती, डोक्यावर ओक लाकडाच्या तुळया, समोर अक्रोडाची झाडे. जाहिरातीत लिहिले होते: खऱ्या गावाची शांतता अनुभवा. त्या 'खऱ्या गावा'पाशी मात्र मी अडखळले.

फ्रेंचमध्ये अशा कोठाराला 'ग्रांज' म्हणतात. बऱ्याच भागांत खाली गुरे, वर गवताचा माळा आणि मधोमध मळणीची जागा, म्हणजे आपल्या भाषेत छपराखालचे खळे, अशी त्याची रचना असे. गवताने भरलेली गाडी थेट आत जावी म्हणून दरवाजा उंच. गवत कुजू नये, वारा खेळावा म्हणून भिंतीत अरुंद फटी. यंत्र येण्याआधी हिवाळाभर इथे कातडी वादीने जोडलेल्या दोन काठ्यांनी धान्य झोडपले जाई. धुळीने छाती भरून जाई. आज त्या उंच दरवाजात काच बसली आहे, माळ्यावर पलंग आहे, गव्हाणीत फुलझाडे आहेत. मळणीच्या जागी सोफा आहे. इमारतीचा प्रत्येक भाग कामासाठी होता. आता तो प्रत्येक भाग पाहण्यासाठी आहे. काम गेले, कामाची आठवणही गेली, उरले ते 'सौंदर्य'.

मित्रांनो, समाजशास्त्र शिकणाऱ्याने दगड पाहून थांबायचे नसते. या खळ्यावर तयार झालेले धान्य कोणाच्या घरी जात होते, हे विचारायचे असते.

क्रांतीपूर्वीच्या फ्रान्समध्ये पिकाचा एक हिस्सा चर्चला द्यावा लागे. त्याला 'दीम' म्हणत. नावाला दहावा भाग, प्रत्यक्षात प्रदेशागणिक कमी-जास्त. तो साठवायला वेगळी कोठारे असत. प्रोव्हँ गावातले असे मध्ययुगीन कोठार आजही पर्यटक पाहतात. त्याशिवाय सरंजामदाराचे देणे वेगळे. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री राष्ट्रीय सभेने विशेषाधिकारांवर घाव घातला, त्याच महिन्यातल्या हुकमांनी दीम रद्द करायचे ठरले. सरंजामी देणी मोबदल्याशिवाय कायमची बंद व्हायला मात्र जुलै १७९३ उजाडावे लागले. तेही आपोआप घडले नाही. शेतकऱ्यांनी गढ्यांवर चाल करून देण्यांचे दस्तऐवज जाळले होते.

तरी खळ्यावरची वाटणी संपली नाही. दोर्दोन्य आणि लिमुझँसारख्या भागांत जमीनमालक एक आणि कसणारा दुसरा, पीक निम्मे-निम्मे, ही बटाईची पद्धत विसाव्या शतकापर्यंत चालली. १९४५-४६ च्या कायद्यांनी मालकाचा वाटा साधारण एक तृतीयांशावर आणला आणि कसणाऱ्याला संरक्षण दिले. म्हणजे ज्या खोलीत आज पाहुणे द्राक्षमद्य पितात, तिथे कोणाच्या तरी आजोबांनी अर्धे धान्य डोळ्यांदेखत जाताना पाहिले असणार. खळ्यावर राबायचे आणि उरलेसुरले पदरात घ्यायचे, हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेल्यांना हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही. तिथली व्यवस्था जातीची नव्हती. तो फरक पुसायचा नाही. पण वाटणीच्या वेळची मान खाली घालणे ओळखीचे आहे.

आणि या भिंती रचल्या कोणी? क्रोझ भागातून गवंडी दरवर्षी कामासाठी पॅरिसला जात. मार्तां नादो हा त्यांतलाच एक. १८३० मध्ये, चौदाव्या वर्षी, तो वडिलांबरोबर निघाला आणि बरीच वाट पायी तुडवली. पुढे तो लोकप्रतिनिधी झाला, १८५१ च्या सत्तापालटानंतर परागंदा झाला, परतून पुन्हा निवडून आला. कामावरच्या अपघाताची जबाबदारी मालकावर टाकणारा प्रस्ताव त्याने १८८० मध्ये मांडला. असा कायदा १८९८ मध्ये झाला. या गवंड्याने स्वतःच्या आयुष्याची कहाणी स्वतः लिहिली. राबणाऱ्याने स्वतः लिहिण्याची किंमत काय असते, हे आपल्याला ठाऊक आहे. दगडाचे कौतुक करणाऱ्या किती जाहिरातींत गवंड्याचा उल्लेख असतो?

आता कोणी म्हणेल, मग काय, कोठारे पडू द्यायची? अजिबात नाही. १९५५ मध्ये फ्रान्समध्ये सुमारे तेवीस लाख शेते होती. २०२० च्या कृषिगणनेत ती चार लाखांच्याही खाली आली. ट्रॅक्टर आला, माणसे शहरात गेली, कोठारे रिकामी झाली. छप्पर गळू लागले की दगडी भिंतही टिकत नाही. आणि मुख्य म्हणजे, ग्रामीण भाड्याच्या घराची, तिकडच्या शब्दात 'झीत'ची, कल्पना मुळात धनदांडग्यांची नव्हती. १९३६ मध्ये कामगारांनी संप करून पगारी रजेचा हक्क मिळवला. रजा मिळाली, पण हॉटेलचे पैसे कुठून आणायचे? आल्प्सच्या दक्षिण भागातले समाजवादी सिनेटर एमिल ओबेर यांच्या पुढाकाराने १९५१ मध्ये पहिले झीत सुरू झाले, १९५५ मध्ये राष्ट्रीय संघटना उभी राहिली. कामगाराला परवडणारी सुट्टी, शेतकऱ्याला जोडउत्पन्न, पडक्या घराला छप्पर. एका दगडात तीन पक्षी, आणि त्यातला एकही मेला नाही!

बिघडले ते पुढे. आज फ्रान्समधल्या सुमारे दहा घरांमागे एक घर दुय्यम निवास आहे, म्हणजे वर्षाचा बराच काळ कुलूपबंद. त्यात मोबाईलवरून आठवड्याचे भाडे घेण्याची सोय झाली. करव्यवस्थेनेही हातभार लावला. स्थानिक कुटुंबाला रिकामे घर कायम भाड्याने दिले तर सोप्या करपद्धतीत ३० टक्के सवलत. पर्यटकाला दिले आणि घराला सरकारी मानांकन असले तर ७१ टक्के! मग गावातल्या तरुण जोडप्याला घर कोण देईल? अखेर नोव्हेंबर २०२४ च्या कायद्याने मानांकित घरांची सवलत ५० टक्क्यांवर, बिनमानांकित घरांची ३० टक्क्यांवर आणली, आणि जिथे दुय्यम घरे फार आहेत तिथे नवी घरे कायम राहणाऱ्यांसाठी राखून ठेवण्याचा अधिकार गावांना दिला. शेतजमिनीच्या पट्ट्यातले कोठार राहते घर करायलाही मनमानी चालत नाही. सहसा गावाच्या आराखड्यात त्याची नोंद लागते आणि जिल्ह्याच्या समितीची संमती लागते. बाजाराला लगाम घालता येतो, फक्त घालायची इच्छा हवी.

अजून एक माणूस फोटोत नसतो. अशा घरांचा आठवडा बहुधा शनिवारी बदलतो. सकाळी एक कुटुंब जाते, संध्याकाळी दुसरे येते. मधल्या काही तासांत चादरी, संडास, चूल, काचा. हे काम बहुतेक बायका करतात, तासांच्या तुकड्यांवर. फ्लोरान्स ओबना या पत्रकार बाईंनी ओळख लपवून सफाईचे काम केले आणि २०१० मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्यात विस्त्रेआम बंदरावरची बोट आहे, जी इंग्लंडच्या पोर्ट्समथहून प्रवासी आणते. तिच्या खोल्या काही मिनिटांत साफ करणाऱ्या बायका आहेत. त्याच बोटीने उतरलेली कितीतरी कुटुंबे पुढे अशाच कोठारांत सुट्टी घालवतात.

गाव म्हणजे शांतता, साधेपणा, आपलेपणा, हे चित्र कायम बाहेरून येणाऱ्याला दिसते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी गावाच्या या गोडव्यालाच आव्हान दिले होते. ते भारताच्या गावाबद्दल बोलत होते, पण प्रश्न विचारायची रीत सगळीकडे चालते: गाव कोणासाठी सुंदर आहे? आपल्याकडेही कृषी पर्यटन वाढते आहे. बैलगाडी, चुलीवरची भाकरी, वाड्याची ओसरी. त्या वाड्याच्या ओसरीवर कोणाला चढू देत नव्हते, हे कोणत्या फलकावर लिहिले आहे?

मैत्रिणीला मी लिहिले, "जरूर जा. सुट्टी हा कामगारांनी लढून मिळवलेला हक्क आहे, अपराधी वाटून घेऊ नकोस. पण तीन गोष्टी विचार. मालक गावात राहतो का? शनिवारी सफाईला कोण येते, आणि तिला किती तासांचे पैसे मिळतात? आणि या खळ्यावर पूर्वी कोण राबत होते?"

तिचे उत्तर आले. मालक दूरच्या शहरात. सफाईला येणारी बाई शेजारच्या गावची. दोन तासांचे पैसे मिळतात, काम तीन तासांचे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर घरातल्या माहितीपुस्तिकेत नव्हते. ते त्या बाईकडे होते. तिचे आजोबा याच शेतावर बटाईने होते.